माहितीपटाची धुळाक्षरे

आपल्या मंडळाच्या गेल्या बैठकीत काव्यवाचन झाले नाही, व्याख्यानही झाले नाही. किरनापुरातील एका जुन्या सभासदांच्या ओसरीत भिंतीवर चादर ताणून बावीस मिनिटांचा एक माहितीपट दाखविण्यात आला. तो त्याच घरातील नातवाने केलेला होता. हा मुलगा बाहेरगावी एका संस्थेत माहितीपट आणि व्हिडिओ-निर्मितीचे शिक्षण घेतो. वर्षअखेरचा अभ्यास म्हणून त्याने आपल्या गावचा आणि आपल्या घरचा विषय निवडला. चित्रपट संपल्यावर चहा झाला, मुलाचे कौतुक झाले, आणि मंडळी उठण्याच्या बेतात असताना त्याच्या आजींनी एक प्रश्न विचारला. त्या प्रश्नामुळेच आम्ही हे लिहावयास बसलो आहोत. तो पुढे येईलच.

एरवी या पत्रिकेत आपण पुस्तकांविषयी लिहितो. चित्रपटांचे परीक्षण हा आमचा प्रांत नाही, हे आधीच कबूल करतो. विद्यार्थ्याचे नाव येथे दिलेले नाही, त्याच्या संस्थेचेही नाही. शिकाऊ कामाची चिकित्सा नावानिशी छापणे आम्हाला प्रशस्त वाटत नाही. मात्र चिकित्साच करू नये, पाठ थोपटून घरी पाठवावे, हेही आम्हाला मान्य नाही. ज्याच्या कामाकडे कोणी गंभीरपणे पाहत नाही, तो शिकत नाही.

चित्रपटाचा विषय चिन्नोर. बालाघाट जिल्ह्याच्या या सुवासिक तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यानंतर त्याच्याविषयी पुष्कळ बोलले गेले. आपल्या घरांना त्याची ओळख नव्याने करून देण्याची गरज नव्हती. उशिरा पिकणारे, थोडके येणारे, वाऱ्यापावसात आडवे होणारे हे धान आपल्या वडीलधाऱ्यांनी विकण्यापेक्षा पाहुण्यांसाठी आणि सणासाठीच अधिक राखले. या मुलाच्या आजींनी बांबूच्या ढोलीत त्याचे बियाणे वर्षानुवर्षे जपले. विषय म्हणून हा उत्तम आहे. शिकणाऱ्याने घराजवळचा आणि ज्याच्यापाशी पुन्हा पुन्हा जाता येईल असा विषय घ्यावा, हे या मुलाला आपसूक उमगले असेल तर त्याच्या शिक्षणाची सुरुवात बरी झाली आहे.

चित्रपट सुरू होतो तो आकाशातून. ड्रोनने घेतलेल्या दृश्यात हिरव्या बांध्या खाली सरकत जातात, दूरवर टेकड्यांची रेघ दिसते, आणि बासरी वाजू लागते. मग एक भारदस्त हिंदी आवाज सांगतो की भारत हा खेड्यांचा देश आहे आणि शेतकरी हा त्याचा कणा आहे. ओसरीत बसलेल्या आमच्यापैकी साठी उलटलेल्यांना हा आवाज तत्काळ ओळखू आला. मुलाने तो आवाज स्वतः दिलेला होता, तरीही तो आमच्या लहानपणचा होता.

तो आला कोठून, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. १९४८ मध्ये केंद्र सरकारने मुंबईत फिल्म्स डिव्हिजन स्थापन केली. तिची वृत्तचित्रे आणि माहितीपट मुख्य चित्रपटाआधी दाखविणे चित्रगृहांना बंधनकारक होते. बालाघाटला काय, गोंदियाला काय, तिकीट काढून बसलेल्या प्रत्येकाने धरणे, कारखाने, पूर आणि उद्‌घाटने त्या एकाच सुरातल्या निवेदनासह पाहिली आहेत. पडद्यावर माणसे ओठ हलवीत, आणि त्यांच्याविषयी दुसराच कोणी बोले. देशाच्या अनेक भाषांत एकच चित्र पोहोचवायचे तर वरून निवेदन चढविणे हाच सोपा मार्ग होता. शिवाय त्या काळी खेड्यापाड्यांत चित्राबरोबरच आवाज मुद्रित करणे खर्चाचे आणि जिकिरीचे काम होते. म्हणजे मूळची ती एक अडचण होती. पुढे तिची रीत झाली, आणि रीतीचे शास्त्र झाले. फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली, परंतु तिचा आवाज मागे उरला आहे. ज्याने ती वृत्तचित्रे कधी पाहिलीच नाहीत, अशा विशीतल्या मुलाच्या तोंडून तो निघतो, याचे आम्हाला सर्वांत अधिक आश्चर्य वाटले.

त्याच संस्थेच्या आतून या रीतीला उत्तरही दिले गेले होते, हे येथे नमूद केले नाही तर अन्याय होईल. १९६७ मध्ये एस. एन. एस. शास्त्री यांनी ‘आय अ‍ॅम ट्वेंटी’ केला. स्वातंत्र्याबरोबर जन्मलेली, वीस वर्षांची तरुण मुले त्यात आपल्या मनाने बोलतात. काही अडखळतात, काही फुशारकी मारतात, काही सरकारलाही बोल लावतात. त्याच सुमाराचा सुखदेव यांचा ‘इंडिया ६७’ तर निवेदनावाचूनच आहे. देशभरची दृश्ये आणि त्या त्या जागेचे आवाज एवढ्यावर तो उभा राहिला. दोन्ही चित्रपट सरकारी पैशाने झालेले आहेत. अडचण यंत्राची होती तेव्हाही ज्यांना माणसांचे ऐकायचे होते त्यांनी वाट काढली. आज खिशातल्या फोनवरही आवाज नीट मुद्रित होत असताना आपला विद्यार्थी निवेदनाच्या आड का लपतो, हा प्रश्न त्यामुळे अधिकच टोचतो.

दोष सांगावयास निघालो आहोत तर आणखी एक सांगून टाकतो. रोवणीच्या दृश्यात बायका चिखलात ओळीने वाकून पऱ्हे लावीत आहेत आणि त्यांचे ओठ हलताना दिसतात. त्या गात होत्या. मुलाला विचारले तेव्हा कळले की त्या पोवारीत गाणे म्हणत होत्या, पण मध्येच ट्रॅक्टरचा आवाज आल्यामुळे त्याने सारा आवाज बंद केला आणि त्यावर तयार मिळणारी बासरी लावली. ट्रॅक्टर आला तर येऊ द्यावयाचा होता. तो त्याच शिवारात असतो, आणि त्या बायका त्याच्या आवाजावर आपला आवाज चढवून गातात. ही बासरी मात्र कोणत्याच शिवारातली नाही.

आता जे चांगले आहे त्याकडे वळतो, कारण या चित्रपटात दोन ठिकाणे अशी आहेत की ती पाहून आम्ही सावरून बसलो.

पहिले ठिकाण भाताचे. सुवास पडद्यावर दाखविता येत नाही. चिन्नोरवर चित्रपट करणाऱ्यापुढे ही पहिलीच भिंत उभी असते. मुलाने चुलीवरच्या पातेल्यावर कॅमेरा ठेवला आणि तो हलविला नाही. झाकण थरथरते, वाफ बाहेर येते, आणि मग दारातून घरातले लहान मूल आत डोकावते, कोणी बोलाविलेले नसताना. त्याच्या मागोमाग दुसरे येते. पाऊण मिनिटाच्या या दृश्यात निवेदन नाही, बासरी नाही. ओसरीत बसलेल्या आम्हाला त्या क्षणी वास आला असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण आठवला खचित.

दुसरे ठिकाण याहून मोलाचे. आजी जुन्या धानांची नावे सांगत आहेत. चार-पाच नावे भराभर येतात, आणि मग एक नाव आठवेनासे होते. त्या थांबतात. बोटांनी दाण्याचा आकार दाखवितात. कॅमेऱ्यामागून नातू हलकेच म्हणतो, “राहू दे आजी, मग सांग.” त्या म्हणतात, “थांब ना बाबू, येते जिभेवर.” आणि मग बराच वेळ काहीच होत नाही. नाव शेवटपर्यंत येत नाही. आमच्या मते हे या चित्रपटाचे मर्म आहे, आणि मुलाला ते ठाऊक नसावे, कारण त्याने ते अर्ध्यावर तोडून लगेच तांदूळ गिरणीचे दृश्य जोडले आहे. पूर्ण मुद्रण आम्ही नंतर त्याच्या संगणकावर पाहिले. त्यात ती शांतता सव्वा मिनिटाची आहे. चित्रपटात तिचे केवळ नऊ सेकंद उरले आहेत.

माहितीपट शिकणाऱ्याला प्रथम काय शिकविले पाहिजे, याचे उत्तर आम्हाला या नऊ सेकंदांत दिसते. त्याला थांबावयास शिकविले पाहिजे. हे म्हणताना आम्ही एखादा नवा सिद्धान्त मांडीत नाही. मराठी माणसाने या विद्येची धुळाक्षरे गिरविली तीच मुळी थांबून.

दादासाहेब फाळके यांना सारे ‘राजा हरिश्चंद्र’साठी ओळखतात. तो चित्रपट १९१३ चा. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९१२ च्या फेब्रुवारीत, ते विद्यार्थी होऊन लंडनला गेले होते. त्या वेळी त्यांचे वय एक्केचाळीस होते. मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिल्यापासून त्यांना या विद्येने झपाटले होते, अतिश्रमाने डोळे काही काळ गेले होते, आणि विम्याची पॉलिसी गहाण टाकून त्यांनी प्रवासाचा खर्च उभा केला होता. तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांनी काम पाहिले आणि विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवून ते एप्रिलमध्ये परत आले. कॅमेरा हाती आल्यावर त्यांनी राजा, राणी, देव, दानव यांपैकी काहीच चित्रित केले नाही. एका कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला, आणि ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत महिनाभराहून अधिक काळ ते त्या कुंडीपाशी राहिले. पडद्यावर तो अंकुर पाहता पाहता फुटून वर येतो. ‘अंकुराची वाढ’ या नावाने तो लघुपट ओळखला जातो. तो दाखवूनच त्यांनी पहिल्या कथापटासाठी भांडवल उभे केले.

या घटनेकडे सामान्यतः भांडवल मिळविण्याची युक्ती म्हणून पाहिले जाते. आम्ही तिच्याकडे विद्यार्थ्याची वही म्हणून पाहतो. अंकुर आपल्या सोयीने फुटत नाही, त्याला ‘पुन्हा एकदा कर’ असे सांगता येत नाही, आणि एक दिवस चुकला तर तो दिवस परत येत नाही. वास्तवाचे चित्रण करणाऱ्याला जे जे शिकावयाचे असते, ते सारे त्या कुंडीत होते. आणि गंमत अशी की आपल्या किरनापूरच्या मुलाचा विषयही बियाणेच आहे. त्याने पऱ्ह्यांची वाफ्यातली उगवण टिपलीच नाही. विचारले तर म्हणाला, तेव्हा परीक्षा होत्या.

फाळक्यांच्याही आधी हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी ही वाट चोखाळली होती. १८९६ मध्ये लुमिएर बंधूंची चलच्चित्रे मुंबईत दाखविली गेली, ती पाहून या छायाचित्रकाराने इंग्लंडहून कॅमेरा मागविला. शिकविणारे कोणी नव्हते. १८९९ मध्ये त्यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती चित्रित केली, आणि १९०१ च्या डिसेंबरात रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हाचे त्यांचे स्वागत चित्रित केले. शिकून घरी आलेला विद्यार्थी हा आपल्याकडच्या अगदी आरंभीच्या वृत्तचित्राचा विषय होता, ही गोष्ट आम्हाला या निमित्ताने पुन्हा आठवली. आपल्या मुलाच्या बाबतीत थोडी उलटापालट आहे. शिकावयास गेलेला घरी आला, आणि कॅमेरा त्याच्याच हाती आहे.

पुढे या विद्येचे शाळेत रूपांतर झाले. १९६० मध्ये पुण्याला प्रभात कंपनीच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आले, आणि १९७४ मध्ये दूरचित्रवाणीचे शिक्षणही दिल्लीहून पुण्यास हलविले गेले. जुन्या चित्रपटांचा अभ्यास आणि नव्याची निर्मिती एका हाकेच्या अंतरावर आल्यामुळे तेथल्या विद्यार्थ्यांना एक लाभ झाला, तो म्हणजे आपल्या आधी कोणी काय केले हे पाहून मग कॅमेऱ्याला हात लावणे. दुसरा लाभ कंजुषीचा होता. सोळा मिलिमीटरची चारशे फुटांची फीत सुमारे अकरा मिनिटांत संपते. विद्यार्थ्याला अशा मोजक्याच फिती मिळत. कॅमेऱ्याचे बटण दाबण्यापूर्वी त्याला विचार करणे भाग पडे, आणि पुष्कळदा तो बटण न दाबताच तासभर बसून राही. आपल्या विद्यार्थ्याने बावीस मिनिटांच्या चित्रपटासाठी एकोणीस तासांचे चित्रण केले आहे. हा त्याचा दोष नाही, स्मृतिकार्ड स्वस्त आहे. परंतु कॅमेरा एकोणीस तास चालला म्हणजे तो एकोणीस तास पाहत होता असे होत नाही, आणि एवढे चित्रण पुढे निवडावयास बसले की माणूस थकतो. मग जे सोपे, जे सुबक, जे आधी कोठेतरी पाहिलेले, ते उचलले जाते. त्याने चित्रणाची नोंदवही ठेवली नव्हती. कोणत्या फाइलमध्ये आजी काय बोलल्या, हे त्याला शोधावे लागत होते. पूर्वी हे काम संकलनाच्या टेबलावर पहिल्याच दिवशी होत असे.

येथे आजींच्या प्रश्नाकडे आले पाहिजे. चित्रपट संपला, टाळ्या झाल्या. आजींना ऐकावयास कमी येते, म्हणून त्या अगदी पडद्याजवळ बसल्या होत्या. त्यांनी नातवाला विचारले, “बाबू, मी एवढी बोलली, ते कुठी गेलं?”

मुलगा हसला आणि म्हणाला, “आजी, तुझंच तर आहे सगळं.” ते खरे नव्हते. बावीस मिनिटांत आजींचे बोलणे जेमतेम तीन मिनिटे ऐकू येते. उरलेला वेळ त्या दिसतात, ओठ हलवितात, आणि त्यांचे म्हणणे शुद्ध हिंदीत दुसरा आवाज सांगतो.

आम्ही मुलाला नंतर एकटे गाठून कारण विचारले. त्याचे उत्तर प्रामाणिक होते, म्हणून ते येथे देतो. आजींची भाषा ‘साफ’ नाही असे त्याला मार्गदर्शकांनी सांगितले. त्या मराठीत सुरू करतात, शेतावरच्या माणसांचे सांगताना पोवारीत शिरतात, बाजारभाव आणि कचेरीचे काही आले की हिंदीत जातात, आणि एका वाक्यात तिन्ही होतात. परीक्षकांना कळणार नाही, उपशीर्षके कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत द्यावीत हेही ठरेना, तेव्हा निवेदन चढवावे असे ठरले. मार्गदर्शकांची अडचण आम्ही समजू शकतो. त्यांच्यापुढे परीक्षा होती आणि तारीख होती. पण सल्ला चुकीचा होता, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वाचकहो, या प्रश्नात आपले स्वतःचे काही गुंतलेले आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून आपली घराणी या वैनगंगेच्या खोऱ्यात आहेत. १८६७ मध्ये भंडारा, शिवनी आणि मंडला यांचे तुकडे जोडून बालाघाट जिल्हा झाला. १९५६ च्या पुनर्रचनेत भंडारा, गोंदिया मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. त्या दिवसापासून आपल्या मुलांची शाळा हिंदीची झाली. घरी बोलली जाणारी मराठी कोणी शिकविली नाही, कोणी तपासली नाही, आणि म्हणूनच ती जशी घडत गेली तशी राहिली. पुण्याचे पाहुणे तिला हसतात, भोपाळचे पाहुणे तिला मराठी समजतात. तिला व्याकरण नाही असे म्हणणारे आपल्यातही आहेत. अगदी या मंडळातही. आम्ही स्वतः ही टिपणे ज्या मराठीत लिहीत आहोत ती आजींची नाही, याची जाणीव आम्हाला हा परिच्छेद लिहिताना होते आहे.

छापील पानावर आजींचे वाक्य आणावयाचे तर ते लिहिणाऱ्याच्या हाती सुधारून जाते. माहितीपट हे असे एकच साधन आहे की ज्यात ते जसेच्या तसे राहू शकते, स्वरासह, अडखळण्यासह, तिन्ही भाषांच्या सांध्यांसह. आपल्या घराण्यांपैकी कोणाकडे हे साधन हाती आलेच, तर त्याने पहिले काय केले? ते वाक्य पुसले. मुलगा आपलाच आहे म्हणून हे लिहिताना हात आखडतो, तरी लिहितो.

उपशीर्षकांची अडचण म्हणावी तेवढी मोठीही नाही. आपली आणि हिंदीची लिपी एकच. आजींचे मराठी वाक्य देवनागरीत जसेच्या तसे पडद्याखाली लिहिले, तर भोपाळच्या परीक्षकाला त्यातले बरेचसे कळेल, आणि जेथे अडेल तेथे एखादा शब्द हिंदीत द्यावा. कानाने न कळणारी भाषा डोळ्यांनी पुष्कळ कळते, हा गोंदियाच्या बाजारातल्या पाट्या वाचणाऱ्या कोणाचाही अनुभव आहे.

शिक्षण म्हणजे वरून सांगणे नाही, हे आपल्याच राज्यात एकदा करून दाखविले गेले होते. १९७२ मध्ये तेव्हाच्या होशंगाबाद, आताच्या नर्मदापुरम जिल्ह्यात किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सोळा माध्यमिक शाळांतून विज्ञानशिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू केला. मुलांनी स्वतः प्रयोग करावेत, शेतात जाऊन पाहावे, जे दिसले ते आपल्या शब्दांत लिहावे, अशी त्याची पद्धत होती. तीस वर्षे चालून २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. त्याच किशोर भारतीत १९७२ ते १९७४ या काळात अमेरिकेहून शिकून आलेला एक तरुण काम करीत होता. त्याचे नाव आनंद पटवर्धन. पुढे माहितीपटकार म्हणून त्यांची जगभर कीर्ती झाली. त्यांच्या राजकीय मतांशी आपल्यातील अनेकांचे जमत नाही, हे आम्हास ठाऊक आहे. तो वाद येथे नको. शिकणाऱ्याने त्यांच्याकडून काय घ्यावे एवढेच पाहू.

१९७४ मध्ये बिहारच्या आंदोलनाचे चित्रण त्यांनी हौशी लोकांच्या आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने केले. ते पडद्यावर दाखवून सोळा मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने पुन्हा टिपले, आणि त्यातून ‘क्रांती की तरंगें’ तयार झाला. त्या चित्राचा खरबरीतपणा आजच्या विद्यार्थ्याला सहन होणार नाही. ‘जय भीम कॉम्रेड’चे चित्रण १९९७ मध्ये रमाबाई आंबेडकर नगरातील गोळीबारानंतर सुरू झाले आणि चित्रपट २०११ मध्ये पूर्ण झाला. चौदा वर्षे त्याच माणसांकडे परत परत जाणे ही त्याची खरी किंमत आहे. त्यातली मराठी प्रमाण नाही. शाहिरांची, वस्तीतल्या बायांची, म्हाताऱ्यांची आहे, आणि ती कोणी धुऊन इस्त्री केलेली नाही. आणि २०२३ चा ‘वसुधैव कुटुम्बकम्’ तर आपल्या प्रश्नाच्या अगदी दारात येऊन उभा राहतो. आयुष्यभर बाहेरचे जग टिपणाऱ्या या माणसाने त्यात स्वतःचे थकलेले आईवडील दाखविले आहेत. ते चित्रण चित्रपट करावयाचा म्हणून केलेले नव्हते. घरातली वडील माणसे बोलतात ती टिपून ठेवावीत, एवढाच हेतू होता. आई थट्टा करते, वडील विसरतात, जुन्या गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. त्या विसरण्यावर कात्री चाललेली नाही. हा चित्रपट पाहताना आम्हाला आपल्या आजींच्या सव्वा मिनिटाची आठवण झाली नसती तरच नवल.

एका बाबतीत मात्र आम्ही मुलाच्या बाजूने आहोत. एकोणीस तासांत एके ठिकाणी आजी भावाभावांतल्या वाटणीविषयी बोलल्या आहेत, आणि बोलता बोलता रडल्या आहेत. संस्थेतील एका सहाध्यायाने त्याला सांगितले की हाच चित्रपटाचा प्राण आहे, तो ठेव. मुलाने ठेवला नाही. त्याने आजींना ते चित्रण दाखविले, त्या म्हणाल्या, “हे घरातलं आहे,” आणि विषय संपला. माहितीपटाच्या व्यवसायात अशा अश्रूंना मोल आहे, आणि ज्याला पुढे पोट भरावयाचे आहे त्याला ते ठाऊक असते. तरीही त्याने विचारले, आणि उत्तर मानले. आजींनी हे पुसावयास सांगितले म्हणून पुसले, त्यात काहीच गैर नाही. त्यांचे बाकीचे बोलणे पुसताना मात्र त्यांना कोणी विचारले नव्हते. या दोन कात्रींतला फरक मुलाला दाखवून दिला तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. आम्हीही पुढे बोललो नाही.

मंडळाच्या काही सभासदांचे म्हणणे असे पडले की विद्यार्थ्याच्या पहिल्या कामावर एवढे लिहिणे म्हणजे मुंगीवर मोहीम काढणे आहे. आम्हाला तसे वाटत नाही. परीक्षेचे गुण त्याला मिळाले आहेत, चांगले मिळाले आहेत असे कळते. चित्रपट संस्थेच्या लेखी संपला. पण ते एकोणीस तास अजून त्याच्यापाशी आहेत, आणि त्यांत आजींचे बोलणे, त्याच्याच मोजणीप्रमाणे, सहा तासांहून अधिक आहे. या सहा तासांची एक प्रत मंडळाच्या कपाटात ठेवावी अशी विनंती आम्ही केली. त्याने ती मान्य केली, आणि नोंदवही करून देईन असेही कबूल केले. आजींच्या बोलण्यातून जेवढी धानांची नावे निघतील तेवढी त्या वहीत वेगळी लिहावीत, आणि जे नाव आठवले नाही त्याची जागा रिकामी सोडावी, असे ठरले आहे.

येत्या हंगामात पऱ्हे टाकण्याच्या वेळी तो सुट्टी काढून येणार आहे. परीक्षा आड येणार नाहीत असे म्हणतो. आजींनी एक अट घातली आहे. वाफ्याजवळ कॅमेरा कोठे ठेवावयाचा ते त्या सांगतील, आणि वरून उडणारे ते यंत्र आणावयाचे नाही, कारण गेल्या खेपेस त्याच्या आवाजाने गाय दावे तोडून पळाली होती.